आरवणारी कोंबडी

"भिवाजी, आज काही तुझा कोंबडा येत नाही," भिडे डॉक्टर म्हणाले आणि दगडावर बसून त्यांनी बुटाची नाडी सैल केली. "ऊन वर आलं. चल, उतरू खाली."

मालक करवंदीच्या जाळीआड उकिडवे बसले होते, तसेच बसून राहिले. भिवाजी शेलार म्हणजे माझे मालक. आमच्या वरच्या शिंदोळीत आणि आजूबाजूच्या वाड्यांत त्यांच्याएवढा शिकारी नव्हता. परवान्याची एकनळी बंदूक होती आणि तालुक्याहून मोठमोठे लोक त्यांचं नाव विचारत घाट चढून यायचे. शिकारीवर बंदी यायची होती तेव्हाची ही गोष्ट.

मी न्याहारी घेऊन आले होते. डोक्यावर पाटी, पाटीत नाचणीच्या भाकरी, लसणीचा ठेचा, ताकाचा गडू. डोंगर चढताना सगळी वाट मला मालकांचा आवाज ऐकू येत होता. ते कोंबड्याचा आवाज काढत होते, थांबत होते, पुन्हा काढत होते. समोरच्या डोंगराच्या सोंडेवरून उत्तर काही येत नव्हतं.

रानकोंबडा दाण्याला भुलून येत नाही. त्याच्या दरीत दुसरा नर शिरलाय असं त्याला वाटलं, तरच तो येतो. माझे वडील, आबा, म्हणायचे, "भुकेनं येणारं पाखरू भित्रं असतं. ह्ये हेव्यानं येतं, म्हणून डोळं झाकून येतं." आबांकडे कधी बंदूक नव्हती. ते फास लावायचे, आणि फासापाशी बसून असा आवाज काढायचे की कोंबडा पिसारा फुगवून सरळ फासात पाय घालायचा. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसायचे. त्यांनी मुद्दाम काही शिकवलं नाही, माझ्या गळ्यात ते आपोआप उतरलं. लग्न होऊन शिंदोळीला आल्यापासून मात्र तो आवाज मी एकदाही काढला नव्हता. कारणच पडलं नव्हतं.

मी पाटी उतरवली. डॉक्टरांनी भाकरी हातावर घेतली आणि हसून म्हणाले, "वहिनी, एवढ्या लांबून आलात, आता तुम्हीच बोलवा त्याला."

ते थट्टा करत होते. मलाही ते कळत होतं. पण पहाटेपासून हे दोघं उपाशी बसलेले, मालकांच्या कपाळावर घाम, आणि चूक काय होतेय ते मला चढतानाच कळलं होतं. मी पदराचं टोक हातात धरलं आणि मांडीवर झटकलं, फडफड फडफड. आरवण्याआधी कोंबडा पंख झाडतो, तसं. मग आवाज काढला. कुक्‌, कायाऽ, कायाऽ, कुक्‌. शेवटचा कुक्‌ गळ्यातच गिळला.

समोरच्या सोंडेवरून लगेच उत्तर आलं.

डॉक्टरांचा घास तोंडाशी थांबला. मी पुन्हा पदर झटकला, पण आता आवाज काढला नाही. पालापाचोळा खसखसला आणि ऐनाच्या झाडाखालून तो धावत बाहेर आला. लाल तुरा, मानेवर पिवळसर ठिपक्यांची झालर, शेपटीचे पंख उन्हात हिरवे-निळे. आमच्यापासून चार हातांवर येऊन उभा राहिला आणि मान इकडेतिकडे करून आपला वैरी शोधू लागला. बंदूक मालकांच्या हातात होती. त्यांनी ती उचलली नाही. ते माझ्याकडे बघत होते. शेवटी डॉक्टरांनीच आपली बंदूक ओढून बार काढला.

"अरे, गुरू घरात आणि तू इथं सकाळपासून घसा फोडतोयस," डॉक्टर म्हणाले. मनाने फार चांगला माणूस. त्यांना वाटलं, आपण नवऱ्यापुढे बायकोचं कौतुक करतोय.

उतरताना मालक सगळ्यांत पुढे चालत होते. त्या दिवशी त्यांनी रश्शाला हात लावला नाही. पोट बरं नाही म्हणाले.

डॉक्टरांनी ही हकीकत तालुक्याच्या गावात दवाखान्यात बसून सांगितली. तिथून ती आठवड्याच्या बाजारात आली आणि बाजारातून घाट चढून आमच्या वाडीत. आमच्यात म्हणतात, कोंबडी आरवली तर घराचं वाटोळं होतं. लोकांना आयतंच सापडलं. पारावरून मालक जायला लागले की कुणीतरी हळूच म्हणायचं, "भिवाजी, कोंबडी आरवली म्हनं तुझ्यात." मालक हसायचे. ते हसणं घरी येईपर्यंत टिकायचं नाही.

सासूबाई उघड बोलायच्या. "आरवणारी कोंबडी घरात ठेवत न्हाईत बाई. पहिल्या बाजाराला इकत्यात, न्हाईतर कापून खात्यात."

"आत्याबाई, मी काय वाईट केलं? शिकार झाली न्हवं?"

"शिकार झाली. माझ्या ल्योकाचं त्वांड काळं झालं ते?"

मालकांनी मला एकदाही हात लावला नाही, शिवी दिली नाही. पण घरात मी असून नसल्यासारखी झाले. जेवायला वाढलं की मुकाट जेवायचे. कुणी पाहुणा आला आणि माझ्या हातच्या कालवणाला बरं म्हणाला, तरी त्यांचा चेहरा आवळून यायचा. पावसाच्या आधी आमच्या म्हशीला पारडी झाली. शेजारीण माझ्याकडे बघून म्हणाली, हौसाचा पायगुण. मालक उठून बाहेर गेले. माझं कुणी काहीही चांगलं म्हटलं तर ते जणू त्यांच्या ताटातून उचलून नेल्यासारखं त्यांना व्हायचं.

पुढच्या हंगामात डॉक्टरांचा निरोप आला, रविवारी येतो, या वेळी वहिनींनाही डोंगरावर आणा. मालकांनी उलट निरोप धाडला की औंदा रानकोंबडे उरले नाहीत, येऊ नका.

रानकोंबडे होते. मालक स्वतःच रोज पहाटे एकटे जात होते. मी अंगणात सडा घालत असायचे आणि वरून त्यांचा आवाज यायचा. तासभर घसा ताणायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. पूर्वी असं होत नव्हतं. पूर्वी कधी कोंबडा यायचा, कधी नाही यायचा, आणि न आलेल्याचं त्यांना काही वाटायचं नाही. आता न आलेला प्रत्येक कोंबडा त्यांच्या मनात माझ्या नावावर जमा होत होता.

एकदा मला राहवलं नाही. ते जेवत होते. मी म्हणाले, "शेवटचा आवाज वढू नगा. त्यो गिळायचा असतो. वढला की त्याला कळतं, ह्यो कोंबडा न्हाई."

त्यांनी घास खाली ठेवला. "तुझ्या बापानं कधी बंदूक हातात धरलीया?"

"न्हाई."

"मग मला शिकवू नगंस."

ताट सरकवून ते उठले. 

शिमगा झाला होता. मी हिरडे वेचायला खिंडीच्या पलीकडच्या उतारावर गेले होते. तिथे करवंदीच्या जाळ्या माणसाच्या डोक्यावर जातील एवढ्या वाढलेल्या. अंगावर जुनं, धुऊन धुऊन मातकट झालेलं लुगडं. जाळीत वाकून मी पडलेले हिरडे ओटीत भरत होते. तेवढ्यात खालच्या बाजूने मालकांचा आवाज आला. कुक्‌, कायाऽ, कायाऽ, कुऽक्‌. तोच ओढलेला शेवट.

खिंडीच्या माथ्यावर एक कोंबडा होता. मी येताना त्याची पिसं आणि उकरलेली माती पाहिली होती. तो काही बोलत नव्हता. मालक पुन्हा पुन्हा बोलावत होते. ऐकून ऐकून मनात आलं, मी एक हाक घातली तर माथ्यावरचा तो खाली उतरेल, मालकांना मिळेल, आणि मी इथे होते हे कुणाला कळणारसुद्धा नाही. त्यांची कीव आली होती. आणि खरं सांगायचं तर वर्षभर गिळून ठेवलेला आवाज बाहेर पडायलाही बघत होता. दोन्ही होतं.

मी पदर झटकला आणि आवाज काढला.

मालकांचा आवाज एकदम थांबला. मी वाट पाहिली. थोड्या वेळाने जाळीच्या पलीकडे पाचोळा वाजला. हलकं पाऊल, थांबत थांबत. मला वाटलं, माथ्यावरचा उतरला. त्याला आणखी पुढे काढावं म्हणून मी खाली वाकून, अगदी बारीक आवाजात, कोंबडा जमीन उकरताना करतो तसं कुकुक्‌ केलं.

बार झाला.

मला आधी आवाज ऐकू आला, मग जाळीची पानं उडालेली दिसली, आणि मग खांद्यात कुणी निखारा दाबल्यासारखं झालं. ओटी सुटली आणि हिरडे उतारावरून गडगडत गेले. जाळीपलीकडच्या सपाट टप्प्यावरून जाळी फोडून मालक आत आले. बंदुकीच्या नळीतून अजून धूर निघत होता. मला बघून ते जागीच थिजले.

"तू?" म्हणाले. एवढंच.

मग बंदूक तिथेच टाकून त्यांनी मला पाठीवर घेतलं आणि सडकेपर्यंत खाली आणलं. सगळ्या वाटेत त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. सडकेवर लाकडाचा ट्रक मिळाला.

भिडे डॉक्टरांनी चिमट्याने छर्रे काढले. काही मानेच्या कडेला खोल होते, ते अजून तिथेच आहेत. पट्टी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "कसं झालं, भिवाजी?"

"पाय घसरला. बंदूक उडाली."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, पोलिसांची भानगड नको म्हणून ते असं म्हणत असतील. पण कोंबडा समजून बार काढला म्हणाले असते, तरी भागलंच असतं. डोंगरात अशी चूक पूर्वीही झालेली होती. आवाजावर बार काढणाऱ्या माणसाला लोक आंधळा म्हणतात, खुनी म्हणत नाहीत.

शिंदोळीत मात्र पाय घसरल्याच्या गोष्टीवर कुणीही विश्वास ठेवला नाही. एवढी वर्षं कड्याकपारीत फिरलेल्या माणसाचा पाय सपाटीवर घसरतो कसा? वर्षभर तो बायकोवर जळत होता हे सगळ्यांनी पाहिलेलं. सासूबाईंचं ते कापून खाण्याचं बोलणंही पाणवठ्यावरच्या बायकांनी ऐकलेलं. कुजबुज वाढत वाढत माझ्या माहेरी तळखोऱ्यात पोचली, आणि माझा थोरला भाऊ आनंदा आला. येताना पोलीस पाटलांना बरोबर घेऊनच घरात शिरला.

मी आतल्या खोलीच्या दाराशी बसले होते. हात गळ्यात बांधलेला. दादा मालकांच्या समोर बसला.

"दाजी, मी भांडायला आलो न्हाई. एकच इचारतो. कोंबडा समजून मारलंत न्हवं?"

मालक खाली बघत होते.

"व्हय म्हना. माणसाकडनं चूक हुती. मी पाणी पिऊन जातो माघारी."

"न्हाई," मालक म्हणाले. "पाय घसरला."

"जागा सपाट हाय, दाजी. मी आत्ता तिथनंच येतोय."

 पाटील म्हणाले, "भिवाजी, इचार करून बोल. ह्यो पोरगा चौकीत गेला तर अवघड हुईल."

"जाऊ द्या. पाय घसरला."

दादाचा आवाज चढला. "मग तिला बघून बार काढलात, असं समजू का आमी?"

मी दारातून मालकांकडे पाहिलं. त्यांच्या जबड्याची शीर उडत होती. एक शब्द बोलायचा होता. तो ते बोलले असते तर सगळं मिटलं असतं, आणि तो त्यांच्या ओठांशी येऊन परत जाताना मला दिसला. का परत जातोय, हे तेव्हा मला कळलं नाही. मला वाटलं, दादा म्हणतोय तेच खरं असेल. त्यांनी मला पाहिलं असेल. ते "तू?" कुणाला फसवायला होतं, मला की स्वतःला, याचा मी विचार करत बसले.

"दादा, चल," मी म्हणाले. "चौकीबिवकी नगं. मला घरला घेऊन चल."

मालकांनी मान वर केली नाही.

माहेरी मला कुणी टोचून बोललं नाही. आबा आता थकले होते, कानांनी कमी ऐकू यायचं. एका दुपारी ओट्यावर दोरी वळता वळता त्यांनी विचारलं, "त्या दिशी शेवटचा आवाज गिळला हुतास का गं?"

"व्हय आबा."

"आन उकरल्याचा काढलास त्यो बारीक?"

"व्हय."

त्यांनी दोरीला एक पीळ दिला. "मग त्याला कळलं नसंल, पोरी. मला बी कळलं नसतं."

"मग तसं म्हनत का न्हाईत?"

"कसं म्हनंल," आबा म्हणाले आणि दोरीला गाठ मारली.

पाऊस गेला. भातं कापून झाली, झोडपणीही उरकली. एके दिवशी संध्याकाळी गुरं परतायच्या वेळी मालक तळखोऱ्यात आले. वाळले होते. बंदूक बरोबर नव्हती. ओट्यावर आबा, दादा आणि शेजारचे दोघंतिघं बसले होते. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत जायला वळले.

"थांब," मालक म्हणाले. "तुझ्यासमोर बोलायचं हाय."

कुणी बसा म्हणालं नाही. ते उभ्या उभ्याच बोलले, आबांच्या कानाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात.

"पाय घसरला न्हवता. मी नेम धरून बार काढला. मला कोंबडा वाटला."

दादा म्हणाला, "मग ह्ये तवाच का बोलला न्हाईत?"

मालक म्हणाले, "तवा बोललो असतो तर कबूल करावं लागलं असतं, की हिच्या आवाजाला मी फसलो. रानात जल्म काढला, आन बायकोला कोंबडा समजलो. सगळा पाऊसकाळ मी आठवून बघितलं. म्हटलं, कुठंतरी चुकली असंल. एखाद्या जागी तरी बाईमाणसाचा आवाज आला असंल, आन मीच ध्यान दिलं नसंल. एक जागा सापडली न्हाई. लोक खुनी म्हनले, त्ये मी ऐकून घेतलं. पर ह्ये जीभ उचलून बोलवत न्हवतं."

 आबांनी दोरी बाजूला ठेवली होती.

"त्या दिशी त्यो आवाज ऐकला," मालक आता माझ्याकडे बघून म्हणाले, "तवा म्हटलं, असला कोंबडा उभ्या खोऱ्यात न्हाई. ह्यो मारायचा, घरी न्यायचा आन हिच्या पुढ्यात टाकायचा. म्हनायचं, बघ. एवढंच हुतं मनात. दुसरं काय न्हवतं."

मी आत गेले. चुलीपुढे बसले आणि लाकडं सारत राहिले. धूर नव्हता तरी डोळ्यांतून पाणी आलं. मला राग आला होता, आणि रागापेक्षा मोठं असं आणखी काहीतरी होतं ज्याला मला नाव देता येईना. हा माणूस माझ्यावर इतका जळला की मला जिंकायच्या नादात नकळत मलाच मारायला निघाला. आणि आज चारचौघांत उभं राहून त्याने जे सांगितलं, ते या खोऱ्यातला दुसरा कुठलाही पुरुष आपल्या बायकोबद्दल मेला तरी बोलला नसता.

मी भाकरी थापली. बाहेर आबांचा आवाज आला, "बसा, पाव्हणं."

सकाळी मी तुळशीला पाणी घालताना ते अंगणात आले.

"यीशील का?"

"मी आवाज काढनार," मी म्हणाले. "मला वाटंल तवा काढनार. नगं असंल तर आत्ताच सांगा, म्हंजे मी घाट चढत न्हाई."

ते जमिनीवर पायाचा अंगठा घासत राहिले. त्यांना ते सोपं जात नव्हतं, आणि सोपं जात असल्याचं सोंगही त्यांनी केलं नाही.

"काढ," शेवटी म्हणाले. "पर माझ्यासमोर काढ. आडून काढलास तर मला काय कळत न्हाई."

आम्ही निघालो. दादा वेशीपर्यंत आला आणि तिथून परत फिरला. ऊन अजून कोवळं होतं. ते पुढे, मी दोन पावलं मागे. घाटाच्या मधल्या वळणावर उजव्या दरीतून आवाज आला. कुक्‌, कायाऽ, कायाऽ, कुक्‌. स्वच्छ, शेवट गिळलेला.

मालक थांबले. दरीकडे त्यांनी बघितलंच नाही. गर्रकन वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्या नजरेत इतक्या दिवसांची जळजळ तशीच होती, जराही कमी झालेली नव्हती, आणि तिच्याखाली खरोखरची शंका होती.

माझे ओठ मिटलेले होते.

"मी न्हाई," मी म्हणाले. "खरा हाय त्यो."

"बरं," ते म्हणाले, आणि आम्ही पुढे चालू लागलो.